व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू?

सेतूवाला

मंडळी, विषय नाजूक आहे. पण इथे वकील, डॉक्टर, मास्तर सगळेच आहेत म्हणून विचारतो.

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी सेतू केंद्र चालवतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाई कोण, ते गावातल्या कोणालाही दोन मिनिटांत कळेल. मला या आयडीमागे ओळखणारे दोघं-तिघं इथे आहेत, त्यांनी गप्प बसावं ही विनंती.

माझं दुकान एसटी स्टँड आणि वस्तीच्या मधे पडतं. वस्ती म्हणजे तीच, धंदा करणाऱ्या बायांची. आमच्याकडे नाव घेत नाहीत, 'तिकडे' म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव चढवणं, निघाला तेव्हा लाडक्या बहिणीचा फॉर्म, ई-श्रम, सगळं माझ्याकडे होतं, त्यामुळे तिकडच्या बायाही येतात. बहुतेक दुपारी दोन ते चार, दुकानात कोणी नसतं तेव्हा. बाहेर चपला काढून येतात. मी कितीदा सांगितलं की चपला घालून या, फरशी काय देवाची नाही. ऐकत नाहीत.

मागच्या आठवड्यात एक मावशी आली. पोरगा बारावीला, हुशार आहे, स्कॉलरशिपसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे. फॉर्म भरता भरता 'व्यवसाय' हा रकाना आला. मी सवयीने विचारलं, काय टाकू? ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दरसाल काय टाकतस?" दरसाल मी 'घरकाम' टाकतो. बारा वर्षांत तिकडच्या पन्नास-साठ बायांचे कागद माझ्या हातून गेले असतील, एकीच्याही कागदावर खरा धंदा नाही. सगळ्या धुणीभांडी करतात, असं शासनाला वाटत असेल.

पुढची गंमत म्हणजे अंगठा लागेना. चारदा मशीन पुसली, तिचा अंगठा पुसला, तरी नाही. मग मी तिची बोटं बघितली. पेरं चिरलेली, नखांच्या कडेला काळ्या रेघा. म्हटलं, हे काय? तर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती कापूस वेचायला जाते. सकाळी सहाला टेम्पो येतो, किलोला दहा रुपये. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात, बोटं फाटतात. म्हणजे 'मजूर' लिहिलं असतं तर ते खोटंही नव्हतं. खरंही अर्धंच होतं.

आता मूळ प्रश्न. आमच्याकडे यात्रेच्या आधी तिकडे धाड पडते, ठरलेली. या वर्षीही पडली. तोंडाला ओढण्या बांधलेल्या बाया गाडीत चढतानाचा व्हिडिओ संध्याकाळच्या आत गावच्या तीन ग्रुपवर आला. एक ओढणी मी ओळखली. आदल्याच दिवशी माझ्या काउंटरवर तिची घडी होती, पिवळी, काठाला आरशाचं काम. मी ओळखली तर तिचा पोरगा ओळखणार नाही का?

रात्री कट्ट्यावर यावरून वाद झाला. एक मित्र म्हणतो, लायसन द्या, तपासणी करा, कर घ्या, विषय संपला. दुसरा म्हणतो, उठवून लावा. मला लायसनवाल्याचं पटत होतं. निदान मला रकान्यात खरं लिहिता येईल. तुम्हाला काय वाटतं? कायदेशीर करावं का?

भुसावळी

सरळ हिशोब आहे, सेतूभाऊ. कट्ट्यावरचा तो मित्र मीच समजा.

आमचं जंक्शनचं गाव. चौतीस वर्षं रेल्वेत काढली, रनिंग रूममध्ये झोपलो. माणूस घरापासून लांब असला की काय काय करतो, ते मला नका सांगू. बंद करून बंद होणारी गोष्ट ही नाही. दारू गाळायला लायसन आहे, विकायला आहे, प्यायलाही परवाना आहे. फटाक्यांना लायसन, ऑर्केस्ट्राला लायसन. मग इथेच लाज का? नेदरलँडने २००० साली कुंटणखान्यांवरची बंदी काढली, जर्मनीने २००२ साली कायदा केला. तिथे काय आभाळ कोसळलं? दर महिन्याला डॉक्टरी तपासणी, गळ्यात ओळखपत्र, वस्तीला एक ठरावीक जागा गावाबाहेर. हप्ता पोलिसाला जातो तो नगरपालिकेला जाईल. रोग आटोक्यात, गुंड आटोक्यात.

बाकी नैतिकतेचे डोस पाजणारे येतीलच आता. त्यांना माझा रामराम.

मागची_गल्ली

मी कुणाला डोस पाजायला आले नाही. मी अशाच एका वस्तीच्या मागच्या गल्लीत राहते, एवढंच. गाव दुसरं असेल, गल्ली तीच.

माझ्या दोन मुली. मोठीला पाहायला आलेले लोक पत्ता ऐकून चहा न घेता गेले. रात्री नऊनंतर क्लासवरून येताना धाकटीला मोटारसायकलवाले भाव विचारतात. भाव! चौदा वर्षांच्या पोरीला. घर विकायला काढलं तर अर्ध्या किमतीतही कोणी घेत नाही. तेव्हा 'ठरावीक जागा' म्हणणाऱ्यांनी आपली गल्ली द्यावी, रेल्वे कॉलनीत भरपूर मोकळी क्वार्टर्स आहेत असं ऐकते.

आणि एक सांगू का, मला त्या बायांचा राग नाही. माझ्या पोरी लहान असताना त्यातल्याच एकीने गाईपासून वाचवलंय धाकटीला. राग येतो तो धाडीचा. बाया गाडीत जातात आणि गिऱ्हाईकं मागच्या बोळाने आमच्या ओट्यांवरून उड्या मारून पळतात. मागच्या वेळी एक जण आमच्या तुळशीवरून गेला. दुसऱ्या दिवशी तो देवळात भंडाऱ्याला वाढायला उभा होता. त्याचा व्हिडिओ कुठल्याच ग्रुपवर नाही आला. पकडायचं तर त्याला पकडा.

खरं_बोलतो

जळगावचं १९९४ चं विसरलात का सगळे? लायसन दिलं तर घराघरात तेच होईल.

जुनी_समुपदेशक

खरं_बोलतो, जळगावचं ते प्रकरण वेश्याव्यवसायाचं नव्हतं. मुलींचे फोटो काढून, धमकावून केलेला अत्याचार होता तो. त्या मुली कशाही 'विकत' नव्हत्या. तीस वर्षं झाली तरी आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात, आणि त्यामुळेच त्यातल्या कितीतरी जणी तेव्हा तोंड उघडायला घाबरल्या. हे इथेच थांबवा.

आता सेतूवाला यांचं. मी अकरा वर्षं आयसीटीसीला समुपदेशक होते, म्हणजे एचआयव्ही तपासणीच्या खिडकीवर. कंत्राटी. पगार दोन-दोन महिने यायचा नाही, तो वेगळा धागा होईल. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांत काम केलंय.

भुसावळीदादा, तुम्ही म्हणता ती तपासणी आजही आहे. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात वस्तीतल्या बायांना दर तीन महिन्यांनी गुप्तरोगाची आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी सांगितली जाते, फुकट. त्या येतात. का येतात, ते ऐका. कारण त्यांच्यातलीच एक बाई त्यांना घेऊन येते, सक्ती नसते, आणि रिपोर्ट खिडकीबाहेर जात नाही. त्याच तपासणीला तुम्ही लायसन जोडलंत की काय होईल? जिचा रिपोर्ट वाईट येईल तिचं लायसन जाणार. म्हणजे जिला औषधाची सगळ्यात जास्त गरज, तीच पहिली पळणार. धंदा सोडणार नाही, खिडकी सोडेल.

हे मी मनाने सांगत नाही. आपल्याकडे हा प्रयोग होऊन गेलाय. इंग्रजांनी १८६४ ला छावण्यांच्या कायद्यात आणि मग १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यात हेच केलं. बायांची नोंद, ठरावीक तारखेला सक्तीची तपासणी, आजारी निघाली तर लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगाच्या दवाखान्यात, डांबायची. उद्देश बायांना बरं करणं नव्हता, गोऱ्या सोल्जरला रोग होऊ नये हा होता. सोल्जरची तपासणी कोणी करत नव्हतं. बाया नोंद चुकवत राहिल्या आणि १८८८ ला सरकारलाच तो कायदा मागे घ्यावा लागला. 'गळ्यात ओळखपत्र' वाचलं आणि मला तेच आठवलं. तपासणी करायची तर गिऱ्हाईकाचं ओळखपत्र कोण बघणार, हे पण सांगा.

जर्मनीचं तुम्ही २००२ वर थांबवलंत. २०१७ ला त्यांनी नवा कायदा आणला, नोंदणी सक्तीची केली. २०१९ अखेर नोंद झालेल्या जेमतेम चाळीस हजारांच्या घरात होत्या, आणि धंद्यात त्याच्या कितीतरी पट असल्याचं तिथलेच लोक म्हणतात. जर्मनीसारख्या शिस्तीच्या देशात बायांनी नाव दिलं नाही. आपल्या तालुक्याच्या गावात देतील?

नावाचं सांगते. माझ्या रजिस्टरला एका बाईचं एक नाव, वस्तीत दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. एक होती, तिला मी आशा म्हणते. पॉझिटिव्ह आली. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या आपल्या जिल्ह्याला मिळत असताना ती दुसऱ्या जिल्ह्याला जायची, दीड तास एसटीने. बाटली हातात पडली की दवाखान्याच्या पायरीवर बसून लेबल नखाने खरवडायची. पूर्ण निघेपर्यंत उठायची नाही. मग ती कोरी बाटली पिशवीत तांदळाच्या खाली. मी एकदा म्हटलं, अगं गोळ्यांची एक्सपायरी तरी राहू दे. म्हणाली, "ताई, माझ्या सुनेला वाचता येतं."

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुप्रीम कोर्टाने रेशन द्या म्हटलं, महाराष्ट्र सरकारने त्यापुढे जाऊन ऑक्टोबर ते डिसेंबर महिना पाच हजार आणि शाळेत जाणारं मूल असेल तर वर अडीच हजार जाहीर केले. चांगला निर्णय होता, मी त्याच्या बाजूने भांडलेय. पण यादी करायला बसलो तेव्हा आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त जणींनी नाव द्यायला नकार दिला. घरात दाणा नव्हता. सात महिने गिऱ्हाईक नव्हतं. तरी नाही म्हणाल्या, कारण पैसा खात्यात येणार आणि यादी कुठेतरी राहणार. एक म्हणाली, पैसे संपतील, कागद संपत नाही.

म्हणून माझं मत: शिक्षा काढा, लायसन आणू नका. दोन्ही एकच वाटतात, पण एक नाहीत. न्यूझीलंडने २००३ ला पहिलं केलं. तिथल्या संसदेत ६० विरुद्ध ५९ अशा एका मताने कायदा पास झाला, म्हणजे तिकडेही काही फार एकमत नव्हतं. चार बायांपर्यंत मिळून एका घरात काम करायचं असेल तर कुणाचा परवाना लागत नाही. स्वीडनचंही सांगते, मागची_गल्लीताईंना पटेल: १९९९ पासून तिकडे विकणारी गुन्हेगार नाही, विकत घेणारा आहे. मला ते ऐकायला फार आवडतं. पण आमच्या वस्तीतल्या बायांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक घाबरलं तर अंधारात बोलावेल, शेतात बोलावेल, आणि कंडोमचं बोलायला वेळ देणार नाही. मी अजून ठरवू शकलेले नाही.

तालुका_वकील

धागा चांगला चाललाय. कोर्टाला सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. भारतात वेश्याव्यवसाय हा गुन्हा नाही. १९५६ चा जो अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे, ज्याला आमच्याकडे पोलिसांपासून पक्षकारापर्यंत सगळे 'पिटा' म्हणतात, त्यात शरीर विकणं गुन्हा असं कुठेही लिहिलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना सुधारगृहातून सोडताना हेच स्पष्ट म्हटलं. गुन्हा आहे तो आजूबाजूचा सगळा. कुंटणखाना चालवणं कलम ३, त्या कमाईवर जगणं कलम ४, धंद्याला लावणं कलम ५, सार्वजनिक जागेजवळ करणं कलम ७, गिऱ्हाईक हटकणं कलम ८. म्हणजे स्वयंपाक गुन्हा नाही, पण चूल, भांडं आणि काडेपेटी गुन्हा.

दोन उदाहरणं देतो. कुंटणखान्याची व्याख्या वाचा. दुसऱ्याच्या फायद्यासाठी वापरलेली जागा तर त्यात आहेच, पण दोन किंवा अधिक वेश्यांच्या आपसातल्या फायद्यासाठी वापरलेली खोलीसुद्धा आहे. म्हणजे दोन बायांनी भाडं वाटून घ्यायला एक खोली घेतली, एकमेकींवर लक्ष ठेवायला बरं म्हणून, की झाला कुंटणखाना. समुपदेशकताईंनी सांगितलेले न्यूझीलंडचे चार आणि आपले दोन, फरक बघा. एकटी राहिली तर कायद्यात बसते आणि मार खाते.

दुसरं, कलम ७. देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत असेल तर बाईलाच तीन महिन्यांपर्यंत शिक्षा. आता टेप घेऊन निघा आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात २०० मीटरच्या आत यातलं काहीच नाही अशी एक जागा मला दाखवा. नदीच्या पात्रात उभं राहिलात तरी काठावर महादेव निघतो.

सुप्रीम कोर्टाचं १९ मे २०२२ चं बुद्धदेव करमस्कर खटल्यातलं आदेशपत्र प्रत्येक पोलीस ठाण्याने भिंतीला लावावं असं आहे. मूळ खटला कोलकात्यात १९९९ ला झालेल्या एका वेश्येच्या खुनाचा. आरोपीचं अपील फेटाळल्यावर २०११ ला कोर्टाने स्वतःहून पुनर्वसनाचा विषय हातात घेतला, समिती नेमली, आणि अकरा वर्षांनी हे निर्देश दिले. तीन न्यायमूर्तींत आपल्या अमरावतीचे गवईसाहेबही होते. समितीच्या शिफारशी अशा की सज्ञान बाई स्वखुशीने करत असेल तर पोलिसांनी ढवळाढवळ करू नये. धाडीत तिला अटक, दंड, छळ नको. आई या धंद्यात आहे एवढ्या कारणावरून मूल तोडू नये. कोर्टाने पाळायलाच सांगितलं ते पुढचं: सापडलेले कंडोम पुरावा म्हणून वापरू नयेत. आणि धाडीचे फोटो-व्हिडिओ ओळख पटेल असे बाहेर जाऊ नयेत. सेतूवाला, तुमच्या यात्रेच्या व्हिडिओत तोंडं झाकली म्हणून भागत नाही. ओढणीनेही ओळख पटतेच की, तुम्हीच लिहिलंय.

त्याच आदेशात तुमच्या कामाचंही आहे. पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रणाच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार मिळावं, आणि त्या आधारच्या नोंदणी नंबरात ती बाई या धंद्यातली आहे असं दाखवणारा कुठलाही कोड असू नये. कोर्टाला हे लिहावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

माझ्याकडे येणाऱ्या बाया लॉकअपला भीत नाहीत. सुधारगृहाला भितात. 'सोडवलेल्या' बाईला कलम १७ खाली एक ते तीन वर्षं तिथे ठेवता येतं. गुन्हा नाही, शिक्षा नाही, आणि तीन वर्षं आत. माझ्या एका पक्षकारणीने मला विचारलं होतं, "साहेब, माझ्यावर काहीतरी गुन्हा लावता येणार नाही का? सहा महिन्यांत सुटीन तरी." काय उत्तर देणार?

आता इथे हे पण बजावून सांगतो. अल्पवयीन असेल, फसवून, विकून, धमकावून आणलेली असेल तर वरचं काहीही लागू नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ आहे, अल्पवयीनांच्या खरेदी-विक्रीला ९८ आणि ९९ आहे, पोक्सो आहे. ते कडक आहे आणि कडकच राहावं.

डबल_बेल

वकीलसाहेबांचा शेवटचा मुद्दा पुढे नेतो. एसटीत वाहक होतो, शिरपूरहून पळासनेर-सेंधव्याकडे जाणाऱ्या गाडीवर बरीच वर्षं. आग्रा रोड, ट्रकची रांग, ढाबे. तुम्ही सगळे 'सज्ञान', 'स्वखुशी' म्हणता, ठीक आहे. एकदा एका बाईने दोन फुल तिकिटं मागितली. सोबतची पोरगी खिडकीकडे तोंड करून बसलेली. मी म्हटलं, हिचं हाफ होईल का, वय किती? वाहकाचा हा रोजचा प्रश्न. बाई घाईने म्हणाली, "अठरा पूर्ण आहे." अहो, हाफ तिकीट बारापर्यंत असतं. कोणी अठरा सांगतं का? त्या पोरीच्या हातात अख्ख्या रस्त्यात एक शाळेचा कंपास होता. मी बॉर्डरच्या चौकीला गाडी थांबवली. पुढचं लांबड लावत नाही. ती पंधराची निघाली.

कायदा सैल कराल तेव्हा त्या पोरीचं वय कोण विचारेल, तेवढं आधी सांगा. मी रिटायर झालो.

जुनी_समुपदेशक

डबल_बेल, तुमच्यासारखी माणसं मला वीस मिळाली असती तर. तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. वस्तीत नवी कोवळी पोर आली की सगळ्यात आधी वस्तीतल्या बायांनाच कळतं. मला दोनदा त्यांनीच सांगितलंय, एकदा मध्यरात्री फोन करून. पण पोलिसांना सांगायची त्यांची हिंमत होत नाही, कारण सांगणारीच गाडीत बसते. तिच्यावरची टांगती तलवार काढली तर ती १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करेल. सगळ्याच करतील असं म्हणत नाही. मालकिणी नाहीच करणार.

भुसावळी

ओळखपत्राचं मागे घेतो. ते सोल्जरचं मला माहीत नव्हतं. गावाबाहेरच्या जागेचंही मागे घेतो, नाहीतर मागची_गल्लीताई माझ्या क्वार्टरचा पत्ता शोधून काढतील.

पण एक खुटखुट राहते. कागदच नको म्हटलं तर म्हातारपणी त्यांचं काय? मी पेन्शन घेतो. ती कुठल्या कागदावर घेणार?

मागची_गल्ली

दादा, कापूस वेचणाऱ्या बाईला तरी कुठे पेन्शन आहे.

सेतूवाला

सगळ्यांचे आभार. दोन दिवस दुकानात गर्दी होती, आज निवांत लिहितोय.

मावशी काल परत आली, अंगठ्यासाठी. मी आठ दिवस बोटांना रात्री खोबरेल लाव म्हणून सांगितलं होतं. तुमचं सगळं वाचून डोक्यात होतंच, म्हणून धीर करून विचारलं. म्हटलं, मावशी, उद्या सरकारने तुमच्या कामाला लायसन दिलं तर घेशील का? पोलीस नाही, धाड नाही, काही नाही.

ती माझ्याकडे न बघता माझ्या डोक्याच्या वर बघायला लागली. माझ्या खुर्चीच्या मागे भिंतीवर माझं केंद्राचं प्रमाणपत्र लावलंय, फ्रेम केलेलं, त्याला दसऱ्याचा झेंडूचा हार अजून तसाच वाळून लोंबतोय. म्हणाली, "असं भीतवर टांगू का? मन्ही पोरनं लगीन करानं शे, भाऊ." पोरगी मामाकडे वाढली आहे, पारोळ्याच्या बाजूला. तिला माहीत आहे की नाही, ते मी विचारलं नाही. मग तिनेच विचारलं, "धाड नको, ते नुसतं व्हई का? लायसन बिगर?" मी म्हटलं, त्याच्यावर लोक भांडून राहिले. ती हसली. बहुतेक मला.

व्यवसायाच्या रकान्यात 'शेतमजूर' टाकलंय. तिचीच बोटं साक्षीला आहेत. अंगठा तिसऱ्या वेळी लागला. तलाठी आप्पांनी काही विचारलं नाही, ते विचारतही नाहीत, त्यांनाही सगळं माहीत आहे. गुरुवारपर्यंत दाखला येईल.

तो ग्रुपवरचा व्हिडिओ मी अॅडमिनला सांगून काढायला लावला, वकीलसाहेबांचा प्रतिसाद दाखवून. एका ग्रुपवरून गेला. दुसऱ्याचा अॅडमिन म्हणतो, बातमी आहे. तिसऱ्या ग्रुपचा अॅडमिन तो भंडाऱ्याला वाढणाराच निघावा असा आहे, त्याला काय सांगू?

वकीलसाहेब, एक राहिलं. तुम्ही कलम ४ वर अर्धी ओळ लिहून पुढे गेलात, म्हणून मी ते काढून वाचलं. अठरा वर्षांवरचा कोणीही माणूस वेश्येच्या कमाईवर जाणूनबुजून जगत असेल, पूर्ण किंवा थोडाफार, तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. दलालासाठी आहे ते मला कळतं. पण पोरगा मार्चमध्ये अठरा पूर्ण करतोय. जूनमध्ये डिप्लोमाला गेला तर होस्टेलची फी आईच भरणार, आणि कापूस तेव्हा नसतो. त्याचं काय होतं? तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.